विषारी नसलेली बाग

नागपूरला जाऊन आलं की लोक विचारतात, संत्री आणलीत का. मी आणली नाहीत. मी तिथं तीन दिवस होते, त्यातले शेवटचे दोन दिवस भांडण्यात गेले आणि संत्री घ्यायचं भान राहिलं नाही. आमच्या सांगलीच्या शाळेत मधल्या सुट्टीत हे सगळं तुकड्यातुकड्यांनी सांगून झालं आहे. पण प्रत्येक वेळी कुणीतरी मध्येच म्हणतं, "प्रभाबाई, तुम्ही तरी कशाला एवढं चिडायचं?" म्हणून आता सलग लिहून काढते. लिहिताना मध्ये कुणी बोलत नाही.

मुळात मी गेले ती एका झाडासाठी. बावीस वर्षं मी नववीच्या मुलींना कीटकभक्षक वनस्पती शिकवते. त्यात घटपर्णी येते. पानाच्या टोकाला लोंबणारा छोटा घट, आत पाणी, वर झाकण, किडा आत पडला की संपला. दर वर्षी मी ती फळ्यावर रंगीत खडूंनी काढते आणि दर वर्षी एक तरी मुलगी विचारते, "बाई, तुम्ही पाहिलीय?" बावीस वर्षं मी "नाही" म्हणते आहे. त्या डिसेंबरात माझ्या मावसबहिणीचं, सुमनचं, नागपूरहून पत्र आलं की इथं एका मोठ्या हॉटेलची बाग आहे, जगभरची झाडं आहेत, आणि किडे खाणारं झाडही आहे म्हणतात. मी जानेवारीत रजा टाकली. हॉटेलचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्यांची जाहिरात होईल, आणि ती माझ्या हातून व्हायला नको.

धरमपेठ

गाडीतल्या दीड दिवसात काही घडलं नाही, तेव्हा ते सोडून देते.

सुमन लग्न होऊन धरमपेठेत गेली त्याला वीस वर्षं झाली. तिची भाषा आता निम्मी आमची, निम्मी तिकडची. दार उघडताच म्हणाली, "ये वं प्रभाताई! काहून वं इतकी वाळलीस?" मी वाळलेली नव्हते. पण पाहुणा वाळलेलाच असतो असं नागपूरच्या बायका धरून चालतात आणि त्यावर लगेच इलाज सुरू करतात. तोंड धुऊन होतं न होतं तोच समोर पोहे आले. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं आणि लिंबाची फोड. इथं पोह्यांवर तर्री ओततात, म्हणजे हरभऱ्यांचा लालभडक रस्सा. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सुमन म्हणाली, "थंडीचं चांगलं असते, खा." दुपारी वडाभात. भरड वाटलेल्या डाळींचे वडे गरम भातात कुस्करायचे आणि वरून हिंगाची चरचरीत फोडणी घ्यायची. हा प्रकार मात्र मला फार आवडला. सांगलीला आल्यावर मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा वडे दगड झाले.

जेवण झाल्यावर सुमनने गच्चीवरच्या कुंड्या दाखवल्या. आम्हा दोघींनाही झाडांचं वेड, आजोळचं. प्रत्येक कुंडीची हकिगत होती. ही शेवंती शेजारच्या वकिलांच्या कुंपणातून, हा क्रोटन मोठ्या डॉक्टरांच्या बंगल्यातून, हे सकाळी दहाला फुलणारं ऑफिस टाइम अमरावतीच्या लग्नातून.

"मागितलंस का?" मी विचारलं.

"मागून आणलेलं लागते का कधी? चोरून आणलं की बघ कसं भराभर येते!"

दोघी खूप हसलो. मीही माझ्या चार चोऱ्या सांगितल्या. आमच्याकडे सोन्याला हात न लावणाऱ्या बायका दुसऱ्याच्या फांदीला हात लावताना इकडंतिकडं पाहतात तेवढंच. त्यात काही वावगं आहे असं त्या दुपारी मला मुळीच वाटलं नाही.

बाग

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच सायकलरिक्षाने गेले. सुमनला महिला मंडळाच्या कामाने वेळ नव्हता. फाटकावर कळलं की बाग पाहायची तर आधी हॉटेलात चहा घ्यावा लागतो. घेतला. सांगलीत एवढ्या पैशांच्या चहात सगळी स्टाफरूम न्हाली असती. मॅनेजर सफारी सूट घालून पाहुण्यांशी हसत फिरत होते. मी उठून सरळ विचारलं, "घटपर्णी कुठं आहे?"

"कोण?"

"किडे खाणारं झाड."

"अच्छा, वो! ते तर मेलं मॅडम. दोन उन्हाळे झाले."

बाजारात भाजी संपली म्हणून सांगावं तसं सांगितलं. पाचशे मैल आले होते मी. पण मेलेल्या झाडावरून मॅनेजरशी काय भांडणार? मुकाट्याने बागेत गेले.

बाग सुंदर होती, खोटं कशाला बोलू. कैलासपतीच्या खोडाला तळापासून फुलं लगडलेली, त्या भल्यामोठ्या गुलाबी फुलांचा वास वाटेवरच येत होता. प्रवाशांना पाणी देणारं म्हणतात ते ट्रॅव्हलर्स पाम मोठ्या पंख्यासारखं उभं. आंब्याच्या बुंध्यावर सांबरशिंगासारख्या पानांचं नेचं, तळ्यात परातीएवढ्या पानांचं कमळ, काचघरात निवडुंगांची अख्खी पलटण. नागपूरच्या उन्हाळ्यात हे सगळं कुणीतरी जगवलं होतं. अर्धा तास मी माझा राग विसरून गेले.

मग मी पाट्या वाचायला लागले.

कैलासपतीपुढे पत्र्याची पाटी, पांढऱ्यावर लाल अक्षर: 'विषारी झाड. हात लावू नये.' मला वाटलं, चुकून लागली असेल. पुढं ब्रह्मकमळ, 'विषारी झाड.' त्या नेच्याखाली तेच. क्रोटनच्या वाफ्यात तेच, काचघरात निवडुंगांपाशीही तेच. चौदा पाट्या मोजल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, लहान मुलं ही पाटी वाचून काय शिकणार? कैलासपती विषारी! शंकराच्या पिंडीवर वाहतात ते फूल! क्रोटनचा चीक अंगाला लागला तर खाज सुटते, म्हणून तो हात लावताच मारणारा झाला होय? बावीस वर्षं मी मुलींच्या वह्यांतली एकेक चूक लाल शाईने खोडते आणि इथं लाल रंगाने चुकाच रंगवून ठेवल्यात!

मी तरातरा आत गेले, अभिप्रायाची वही मागितली आणि दीड पान लिहिलं. प्रत्येक झाडाचं नाव, कूळ, आणि ते विषारी नसल्याचा निर्वाळा. शेवटी लिहिलं, 'जनतेशी असे खोटे बोलणे लांछनास्पद आहे.' खाली सही, शाळेचं नाव, हुद्दा.

मॅनेजरनी तिथंच वाचलं. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"म्हणजे मॅडम, हे खरंच विषारी नाहीत?"

"एकही नाही!"

"बाप रे. मी तर तीन वर्षं गेस्ट लोकांना सांगतो आहे. कलकत्त्याच्या एका पार्टीला मी दोनदा हात धुवायला लावले!" मग त्यांचा रंग बदलला. "शामराव को बुलाओ."

शामराव म्हणजे बागेचे माळी. पंचावन्नच्या पुढचे, खाकी शर्ट, बोटांच्या पेरांत माती. माझ्या थोरल्या भावाच्या वयाचे असतील, आणि मॅनेजर त्यांना अरेतुरे करत होते.

"ह्या पाट्या कोणी लावल्या?"

"मीच लावल्या साहेब."

"कोणाले विचारून? मला सांगितलंस, जहरी झाडं आहेत म्हणून! ह्या मॅडम सांगलीच्या मोठ्या प्रोफेसर आहेत. त्यांच्यासमोर माझं हसं करतो काय?"

मी प्रोफेसर नाही. पण त्या क्षणी दुरुस्त करावं असं वाटलं नाही. चहा पिणारे पाहुणे वळून पाहत होते.

"आजच्या आज सगळ्या पाट्या काढ. उद्या लॉनवर बायांचं हळदीकुंकू आहे, बाग खुली पाहिजे. आणि नीट ऐक. वीस वर्षं नोकरी झाली म्हणून सोडतो. यापुढं तुझं एक जरी खोटं सापडलं तर खोली खाली करायची आणि चालू पडायचं."

शामराव "हो जी" म्हणाले आणि गेले. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

पंपघराच्या मागे

हात धुवायला मी बागेच्या टोकाला पंपघराच्या नळावर गेले. शामराव तिथं पहिली पाटी उपटून आणून भिंतीला टेकवत होते.

"बाई, एक विचारू का जी?"

"विचारा."

"तुमच्या घरी झाडं हायेत?"

"आहेत की. चाळीस कुंड्या आहेत."

"कुठून आनली?"

मी कौतुकाने सांगायला लागले. दुरंगी जास्वंद मिरजेच्या एका दवाखान्याच्या आवारातली. ब्रह्मकमळाचं पान महाबळेश्वरच्या बंगल्यातलं. कोलियस...

"मागून आनली?"

मी नळ उगाच घट्ट पिळला.

"चोरून आनलेलं लागते म्हनतेत नं," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच झोंबलं. "इथं येनाऱ्या बायाही तेच म्हनतेत. पर्समंदी ओला रुमाल घेऊन येतेत. एक बाई एकच पान नेते जी, तिचं काय चुकलं? पन शंभर बाया येतेत. हे ब्रह्मकमळ मी दोनदा बुडापासून लावलं. 'हात लावू नका' लिहिलं तर हसतेत. जहर लिहिलं तर पर्स बंद ठेवतेत."

मी काय केलं होतं ते एका क्षणात समजलं, आणि मग मला जो राग आला तो आतापर्यंतच्या सगळ्या रागांपेक्षा मोठा होता, कारण तो माझाच माझ्यावर होता. मी तशीच मागं फिरले. मॅनेजरना म्हटलं, "माझी चूक झाली. त्या पाट्या परत लावा."

त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. "मॅडम, तुमचीच सही आहे. जनतेशी खोटं बोलणं लांछनास्पद. आता तुम्हीच म्हणता खोटं बोला?"

मी वाद घातला, आवाज चढवला, एकदा टेबलावर हातही आपटला. ते हसत राहिले. हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हा माझा जन्माचा अनुभव आहे.

परत पंपघराशी आले आणि शामरावांना सांगितलं की जमलं नाही. त्यांनी हातातली पाटी खाली ठेवली.

"तुम्ही माझ्यासाठी वापस गेल्या?"

"गेले, पण काही उपयोग झाला नाही."

"या," ते म्हणाले.

पंपघराच्या मागं त्यांची एक खोली होती. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली उदबत्ती. छप्पन साली वडिलांबरोबर दीक्षा घेतली तेव्हापासूनची ती तसबीर, असं त्यांनी नंतर सांगितलं. खोलीच्या पाठीमागे वाळ्याच्या टट्ट्यांचा आडोसा होता. शामरावांनी एक टट्टी बाजूला केली.

घटपर्णी होती. जिवंत.

नारळाच्या काथ्याने भरलेली कुंडी, पाचसहा लांबट पानं, प्रत्येक पानाच्या टोकाला देठ वाकून लोंबणारा हिरवा घट, काठावर तांबूस झाक. मी जमिनीवरच बसले. मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला.

शिलाँगकडच्या एका पाहुण्याने तीन रोपं बागेला दिली होती. मॅनेजरनी पहिलं जेवणाच्या हॉलमध्ये पंख्याखाली शोभेला ठेवायला लावलं. पाहुणे त्या घटांत सिगारेटची राख झाडायचे. आठ दिवसांत मेलं.

"दुसरं माझ्या हातानं मेलं," शामराव म्हणाले. "नळाचं पानी दिलं. याले ते चालत नाही. मंग तिसऱ्याले पावसाचंच देतो. पत्र्यावरचं पानी डब्यांत धरून ठेवतो, वर्षभर पुरते. साहेबानं हेही हॉलमंदी मागितलं, तवा मी सांगतलं मेलं म्हनून. माझ्याशिवाय हे कोनाले ठाऊक नाही."

मी एका घटात वाकून पाहिलं. पाण्यात एक मुंगी तरंगत होती. "आता झाकण बंद होईल?" मी विचारलं.

"झाकन कधी बंद होत नाही जी. ते पावसाचं पानी आत जाऊ देत नाही, बस. किडा आपला घसरून पडते."

बावीस वर्षं मी मुलींना सांगत आले होते की किडा पडताच झाकण मिटतं. फळ्यावर बाण काढून दाखवत होते. आणि चौदा पाट्यांवरून दीड पान लिहिणारी तीच मी.

निघताना मी म्हटलं, "शामराव, मी कुणाला सांगणार नाही." त्यांनी मान हलवली. मी आठवण करून द्यायची गरज नाही: त्यांची नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर आता एका खोट्यावर उभं होतं, आणि ते खोटं फक्त मला माहीत होतं.

रात्रीच्या जेवणाला सुमनने विचारलं, "दिसलं का वं तुझं झाड?" मी तिला सगळं सांगितलं. पंपघर, टट्टी, पावसाचं पाणी, सगळं. आणि वर म्हटलं, "कुणाला सांगू नकोस हं." बाकी कुणाची चूक शोधायची असेल तर शोधा, पण पहिली ही लिहून ठेवा.

हळदीकुंकू

हॉटेलच्या लॉनवरचं ते हळदीकुंकू सुमनच्याच महिला मंडळाचं होतं. हे मला तिसऱ्या दिवशी दुपारी कळलं, ती जरीची साडी नेसून निघाली तेव्हा. मी अविवाहित आहे, मला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, आणि बोलावलं तरी मी जात नाही. मी म्हटलं, "बागेत काही तोडू नका ग बायांनो." ती म्हणाली, "नाही वं!" आणि रिक्षात बसली.

साडेचारला परत आली. चेहरा आनंदाने फुललेला. वाण म्हणून मिळालेला प्लॅस्टिकचा डबा तिने माझ्या मांडीवर ठेवला.

"उघड. तुझ्यासाठी आणलं."

ओल्या रुमालात घटपर्णी होती. कुंडीतून ओढून काढलेली. एक घट फुटलेला, मुळं केसासारखी काळी, त्यांतली निम्मी तुटून लोंबत होती.

"तू म्हणाली होतीस नं पंपघराच्या मागे. तो माळी लॉनवर खुर्च्या लावून राहिला होता, मी पटकन गेली. तुझ्या शाळेतल्या पोरी बघतील, म्हटलं. बघ, चोरून आणलंय, हमखास लागेल!"

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. मूर्ख म्हणाले, चोर म्हणाले, आणि आजोळच्या नावाने जे बोलू नये ते बोलले. सुमन रडत म्हणाली, "तुझ्यासाठीच केलं नं मी." ते खरं होतं, म्हणून मी आणखी ओरडले. मग डबा छातीशी धरून रिक्षा केली.

बागेत संध्याकाळचं ऊन होतं. हळदीकुंकू संपलं होतं, आणि बाग कुणी कात्री घेऊन फिरावं तशी झाली होती. ब्रह्मकमळाला पान उरलं नव्हतं. क्रोटनचे शेंडे गेले होते. कैलासपतीच्या खोडावर हात पोचेल तिथवर एक फूल नाही. निवडुंगाची काचघरातली पिल्लं गायब. एकेक बाई एकेकच पान घेऊन गेली असणार. लॉनच्या कडेला मॅनेजर शामरावांवर ओरडत होते, बाग सांभाळता येत नाही का म्हणून. मी सरळ मध्ये घुसले, आणि हातातला डबा झाकायचं मला सुचलं नाही.

मॅनेजरनी पाहिलं. घट ओळखू न येण्यासारखे नव्हतेच.

"ये तो वही है!" ते म्हणाले. मग शामरावांकडे वळले. "तू म्हणाला होतास मेलं."

शामराव डब्याकडे पाहत होते. त्यांचा चेहरा मी वर्णन करत नाही.

"हे माझं आहे," मी म्हटलं.

"तुमचं? मॅडम, काल तर तुम्ही म्हणालात—"

"काल नव्हतं, आज आहे! धरमपेठेत एका ओळखीच्या बाईंनी दिलं. हे जगवायचं कसं ते विचारायला मी यांच्याकडे आले. का, माणसानं माळ्याला काही विचारू नये?" माझा आवाज इतका चढला होता की तो खरा वाटला. रागाचा तेवढा एक उपयोग मला त्या दिवशी झाला.

मॅनेजर जरा घुटमळले. मग हसले. "अरे, तर मग आम्हाला द्या ना मॅडम! आमचं मेलं, हे तुमच्या नावाने ठेवू. डायनिंग हॉलमध्ये, मधोमध. खाली तुमची पाटी."

मी शामरावांकडे पाहिलं. हो म्हटलं तर झाड बागेत राहणार होतं, त्यांच्या हातांजवळ, आणि पंख्याखाली राखेने मरणार होतं. नाही म्हटलं तर ते माझं होऊन जाणार होतं. शामरावांनी मान हलवली. जेमतेम दिसेल इतकीच, नाही अशी.

"देणार नाही," मी म्हटलं.

"जशी तुमची मर्जी," म्हणून मॅनेजर आत गेले.

आम्ही पंपघरामागे गेलो. रिकामी कुंडी आडवी पडली होती, काथ्या विखुरलेला. शामरावांनी खाली बसून ओला काथ्या गोळा केला, मुळांभोवती गुंडाळला, वर शेवाळ, वर गोणपाटाचा तुकडा, आणि सुतळीने बांधलं. घाई नाही, राग नाही. मलाच बसवत नव्हतं. इथंच लपवून ठेवा म्हटलं, तर म्हणाले, "साहेबाले आता शक आला जी, इथं राहिलं तर सापडते."

"शामराव, मीच सांगितलं. माझ्या बहिणीला."

"हाव," ते म्हणाले. "दुसऱ्या कोनाले माहीतच नव्हतं."

"मला शिव्या तरी द्या हो!"

"कायले जी?" त्यांनी पावसाच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरून दिल्या. "रोज थोडं थोडं. ऊन नाही, वारा नाही. गाडीत खिडकीपाशी ठेवू नका."

वापसी

सुमन स्टेशनवर आली होती. आम्ही बोललो नाही. गाडी हलली तेव्हा तिने खिडकीतून संत्र्याच्या बर्फीचा पुडा दिला आणि मी घेतला, एवढंच.

झाड मी सांगलीला जिवंत आणलं. तिसऱ्या दिवशी वर्गात नेलं. मुली बाकं सोडून टेबलाभोवती जमल्या. मी त्यांना सांगितलं की झाकण बंद होत नाही, मी आजवर चूक शिकवलं, आधीच्या पानावर खोडा. एका मुलीने विचारलं, "बाई, मग तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "नागपूरच्या एका माळीबुवांनी." नाव सांगितलं, फळ्यावर लिहिलं.

अकराव्या दिवशी पानं काळी पडली. बाटलीत अजून पाणी शिल्लक होतं. मी शामरावांना पत्र घातलं: झाड उत्तम आहे, नवीन घट येतो आहे, मुलींना फार आवडलं. शेवटचं तेवढं खरं होतं.

महिन्याने त्यांचं कार्ड आलं. अक्षर सरळ आणि जपून काढलेलं. 'बाईंना नमस्कार. तुमचे पत्र मिळाले. झाड मेले असेल. मुळे तुटली होती, मी बांधतानाच पाहिली. पण तुम्ही ते नेले म्हणून माझी नोकरी राहिली. खोटे लिहू नका. मला वाईट वाटले नाही.'

शेवटचं वाक्य खोटं आहे, हे मला कळतं. मी ते कार्ड कितीदा तरी काढून वाचलं आहे, आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरतं. पण आता रागवायला समोर कुणी नाही.